शस्त्रावरची जादू आणि गावातला डाव

ज्वारीच्या कणसात दाणा भरायला लागला की रानातल्या माळ्यावर गोफण निघते. पाखरं हाकलायची वस्तू. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळातल्या शस्त्रांच्या यादीतही तिला तळाचीच जागा आहे: नुकसान १डी४ (चार बाजूंचा एक फासा), म्हणजे सरासरी अडीच, ३० फुटांपर्यंत नीट नेम आणि त्यापुढे १२० फुटांपर्यंत दोनदा फासा टाकून कमी आकडा धरायच्या डिसअ‍ॅडव्हांटेजने. वऱ्हाडातलं एखादं खेडं उभं करून तिथे डाव मांडलात, तर गावकऱ्यांच्या हातात हीच गोफण येणार. मग खेळाडूंच्या गटातला ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारा, तीन खडे उचलतो आणि त्यांवर मॅजिक स्टोन हा मंत्र टाकतो.

या कँट्रिपला (कितीही वेळा फुकट टाकता येणाऱ्या मंत्राला) पाळीतली छोटी जादा कृती, म्हणजे एक बोनस अ‍ॅक्शन लागते. खड्याचं नुकसान १डी६ अधिक मंत्र टाकणाऱ्याचा स्पेलकास्टिंग बोनस. दुसऱ्या कुणी तो खडा मारला, तरी नेमाला आणि नुकसानाला बोनस ड्रुइडचाच लागतो. साध्या गावकऱ्याचा नेम +२, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर जे पडेल त्यात दोन मिळवायचे. समोरच्या गॉब्लिनचा, २०१४ च्या नियमांप्रमाणे, एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५ आणि हिट पॉइंट (जीव) ७. गावकऱ्याला फाशावर १३ किंवा जास्त हवे, म्हणजे ४० टक्के संधी, आणि लागलं तरी अडीचच नुकसान. ड्रुइडचं विझडम, म्हणजे त्याच्या जादूमागचा गुण, १८ (बोनस +४) असेल तर तोच गावकरी +६ ने मारतो, संधी ६० टक्क्यांवर जाते आणि नुकसानाची सरासरी साडेसात होते. एका खड्यात गॉब्लिन आडवा व्हायची बरीच शक्यता. फेरीमागे सरासरी नुकसान एकावरून साडेचारावर गेलं आणि एकही स्पेल स्लॉट (मोठे मंत्र टाकायची मोजकी शिल्लक) खर्च झाला नाही.

मग प्रत्येक गटात ड्रुइड सगळ्या गावाला असे खडे वाटत का नाही? मंत्राची मुदत एक मिनिट. सहा सेकंदांची एक फेरी, मिनिटात दहा फेऱ्या, दर फेरीला तीन खडे. तीस जादूचे खडे हाताशी ठेवून तीस गडी उभे करता आले असते. ते होत नाही, कारण मंत्राच्या मजकुरात शेवटाकडे लिहिलं आहे की तोच मंत्र पुन्हा टाकला की आधीच्या खड्यांची जादू संपते. एका वेळी तीनच खडे जिवंत. या मंत्राचा सगळा समतोल त्या एका वाक्यावर उभा आहे. १डी६ चा १डी८ केलात तरी फारसं बिघडणार नाही, पण ते वाक्य खोडलंत तर पुढची लढाई ड्रुइड एकटाच जिंकेल.

शस्त्रावरच्या जादूचा हिशेब करताना बहुतेक जण किती फासे वाढले एवढंच बघतात. माझ्या मते आधी दोन गोष्टी बघाव्यात: ही जादू वापरणाऱ्याने त्या पाळीत काय सोडलं, आणि ती पुन्हा वापरायला त्याला काय अडवतं. फासे त्यानंतर.

बूमिंग ब्लेड या कँट्रिपचं उदाहरण घेऊ. हातातल्या शस्त्राने जवळच्या शत्रूवर एक वार करायचा. वार लागला आणि तुमची पुढची पाळी सुरू व्हायच्या आत तो शत्रू आपणहून ५ फूट किंवा जास्त हलला, तर त्याला थंडर (गडगडाटाचं) नुकसान. पहिल्या लेव्हलला हे १डी८ आहे. पाचव्या लेव्हलला वारासोबतच १डी८ आणि हलल्यावर २डी८. ऐकताना भारी वाटतं. पण ही कास्ट अ स्पेल अ‍ॅक्शन आहे, अटॅक अ‍ॅक्शन नव्हे, त्यामुळे एक्स्ट्रा अटॅकचा दुसरा वार मिळत नाही. मंत्राची किंमत तो दुसरा वार आहे.

पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या. स्ट्रेंग्थ १८, लाँगसोर्ड, ड्युएलिंग स्टाइल (एका हातातल्या शस्त्राला +२ नुकसान). नेम +७, एका वाराला १डी८+६, समोर एसी १५. लागायची संधी ६५ टक्के. क्रिट (फाशावर वीस पडला की नुकसानाचे फासे दुप्पट) धरून एका वाराची सरासरी ७.०५ आणि दोन वारांची १४.१. आता त्याच लेव्हलचा विझार्ड, डेक्स्टेरिटी १६, सरावातलं रेपियर आणि बूमिंग ब्लेड. नेम +६, संधी ६० टक्के, वाराला २डी८+३. सरासरी ७.६५. शत्रू हलला तर आणखी ५.४, म्हणजे एकूण १३.०५. फायटरच्या जवळ गेला, पण मागेच राहिला आणि त्यासाठी शत्रूने हलावं लागलं. हा चोख सौदा आहे.

आता किंमत काढून टाकली की काय होतं ते बघा. २०२० सालच्या नियमांप्रमाणे ब्लेडसिंगर या तलवारबाज प्रकारच्या विझार्डला सहाव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक मिळतो आणि त्यातल्या एका वाराच्या जागी कँट्रिप टाकता येतं. वरचेच आकडे धरले तर त्याचं नुकसान शत्रू उभा राहिला तर १२.४ आणि हलला तर १७.८. फासे तेच आहेत, फक्त दुसरा वार परत मिळाला. आणि याच माणसाच्या वहीत फायरबॉल हा आगीचा मंत्रही आहे. अशा वेळी तलवारवाला खेळाडू थोडा मागे सरकून बसतो. ‘त्याच्यापाशी मंत्रही हाय अन् तलवारही हाय. मंग माह्यापाशी काय रायलं?’ हा प्रश्न टेबलावर आला की डीएमने (डाव चालवणाऱ्याने) फायटरच्या अ‍ॅक्शन सर्जकडे बोट दाखवून गप्प बसू नये. अ‍ॅक्शन सर्ज, म्हणजे जादा कृती, विश्रांतीमागे एकदाच मिळतो आणि हे दर फेरीला होतं. २०२४ च्या नियमांत एल्ड्रिच नाइट या जादू जाणणाऱ्या फायटरला सातव्या लेव्हलला हीच सवलत दिली आहे. तलवारीच्या माणसाची गोष्ट तलवारीच्या माणसाकडे परत आली, हे मला फार योग्य वाटतं.

रोग, म्हणजे खेळातला चोरपावली लढणारा, याची तऱ्हा वेगळी. त्याला मुळात एक्स्ट्रा अटॅकच नाही, त्यामुळे बूमिंग ब्लेडसाठी तो काहीच सोडत नाही. स्नीक अटॅकचं जादा नुकसान पाळीत एकदाच लागतं, ते याच वारावर बसतं. मग कनिंग अ‍ॅक्शनने डिसएंगेज करून, म्हणजे पाठीवर वार न घेता, तो मागे सरतो आणि शत्रूपुढे दोनच वाटा उरतात: जागेवर थांबायचं किंवा पाठलाग करून २डी८ खायचं. हाय एल्फ असला की हे कँट्रिप त्याला वंशातूनच मिळू शकतं. मी तरी हे बंद करणार नाही. रोगची लढाई अशीच असावी. फक्त शत्रूंना धनुष्य द्या, म्हणजे पाठलाग न करण्यालाही अर्थ राहतो.

या मंत्रात एक चूक हमखास होते. कोण हललं आणि कोण ढकललं गेलं, यावर वाद होतो. ढकललेल्या शत्रूला हे नुकसान लागत नाही, आपणहून हलला तरच लागतं. डाव नुसत्या बोलण्यावर चालू असेल तर हा वाद मिटत नाही. नकाशाचं महागडं कापड लागत नाही. लादीवर खडूने चौकोन आखा, एक चौकोन ५ फूट, ३० फूट चालीचा माणूस सहा चौकोन. तुरीचे दाणे म्हणजे शत्रू, हरभऱ्याचे म्हणजे गटातले. ज्याच्यावर बूमिंग ब्लेड चढलं आहे त्याच्या चौकोनात एक काडी टाका आणि मंत्र टाकणाऱ्याची पाळी आली की उचला. वीज गेली तरी दिवट्याच्या उजेडात हे दिसतं. फाशांचं अ‍ॅप मात्र बॅटरी संपली की बंद पडतं, म्हणून खरे फासे जवळ ठेवावेत.

पॅलाडिन या धर्मयोद्ध्याच्या स्माइटचं, म्हणजे वाराला जोडलेल्या दैवी तडाख्याचं, दुखणं खेड्यातल्या डावात सगळ्यात जास्त जाणवतं, आणि त्याचं कारण मंत्रापेक्षा वेळापत्रकात आहे. २०१४ च्या नियमांत डिव्हाइन स्माइट वार लागल्यावर ठरवायचा असतो: पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला २डी८, त्यापुढच्या प्रत्येक लेव्हलला एक डी८ जास्त, ५डी८ पर्यंत. शत्रू अनडेड (मेलेला पण चालता) किंवा फीन्ड (नरकातला) असेल तर आणखी १डी८. वार चुकला तर स्लॉट वाया जात नाही. क्रिट लागल्याचं बघून मगही ठरवता येतं आणि क्रिटमध्ये हे सगळे फासे दुप्पट होतात. पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे पहिल्या लेव्हलचे चार आणि दुसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट. सगळे स्माइटमध्ये घातले तर १४डी८, सरासरी ६३.

२०१४ चं डीएमसाठीचं मार्गदर्शन एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया गृहीत धरतं. ते ६३ सहा लढायांत वाटले तर लढाईमागे जेमतेम दहा. पण गावातला डाव किती चालतो? कापूस वेचणीच्या दिवसांत माणसं संध्याकाळीच मोकळी होतात, तालुक्याहून आलेल्याला शेवटची एसटी गाठायची असते. तीन तास मिळाले तर त्यात एक मोठी लढाई होते. ती संपली की डाव मिटतो आणि पुढच्या बैठकीची सुरुवात ‘तुम्ही रात्रभर झोपलात’ इथून होते. त्या एका लढाईत पॅलाडिन तीन पाळ्यांत ६३ ओतून मोकळा होतो. दर फेरीला १४ देणारा फायटर त्याच्या शेजारी फिका पडतो, आणि दोष मात्र स्माइटला लागतो.

यावरचा सरळ उपाय म्हणजे बैठक संपली म्हणून विश्रांती द्यायची नाही. स्लॉट किती उरले, हिट पॉइंट किती, कोणता मंत्र चालू आहे, हे वहीत लिहून डाव तिथेच थांबवायचा. दोन बैठकांत महिनाभराचं अंतर पडलं तरी खेळातली दुपार तीच राहते. दुसरा उपाय २०१४ च्या नियमांतच पर्याय म्हणून दिलेला आहे: शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची आणि लाँग रेस्ट (स्लॉट परत देणारी मोठी विश्रांती) सात दिवसांची. विदर्भातल्या कथानकाला ही पद्धत इतकी चपखल बसते की मला तीच आवडते. एका आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत गटाला जे करायचं ते उरलेल्या स्लॉटांवर करायचं. मेळघाटाच्या घाटवाटेवर शिरताना पॅलाडिन दहादा विचार करतो. मात्र ही पद्धत घेतलीत तर वॉरलॉक या जादूगाराचे शॉर्ट रेस्टवर परत येणारे स्लॉट मोजून बघा, नाहीतर सगळा भार तिकडे झुकेल.

२०२४ मध्ये स्माइटला बोनस अ‍ॅक्शनने टाकायचा मंत्र केलं. वार लागल्यावर ठरवायची मुभा राहिली, पण पाळीत एकच स्माइट आणि मंत्र मोडणाऱ्या काउंटरस्पेलने तो अडवताही येतो. बऱ्याच पॅलाडिनप्रेमींना हे रुचलं नाही. मला ही दुरुस्ती पटते, कारण त्यांनी फाशांना फारसा हात न लावता संधीला लावला.

जादूची शस्त्रं वाटण्यात यापेक्षा मोठी गफलत होते. इथे आपल्या मातीतलंच उदाहरण घेऊ. नागपूर-काटोल रस्त्याच्या बाजूला जुनापाणीची शिलावर्तुळं आहेत, जवळच माहूरझरी. या महापाषाणीय दफनांतून लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, घोड्याचे तांब्याचे अलंकार निघाले आहेत. नागपूर जिल्ह्यातल्याच नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. हा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. त्यातल्या काही कुऱ्हाडींना पातं दांड्याशी जखडणारी लोखंडी कडी आहेत. कथानकातलं जादूचं शस्त्र शोधायला परदेशी किल्ल्यात जायची गरज नाही: वर्तुळातल्या दगडाखालून निघालेली, कडी वाजणारी कुऱ्हाड. बॅटलअ‍ॅक्स धरा, एका हाताने १डी८. लाँगसोर्डइतकंच नुकसान, त्यामुळे वरच्या फायटरचे आकडे जसेच्या तसे लागू होतात.

पहिल्या झटक्यात डीएम लिहितो: प्रत्येक वाराला १डी८ थंडर जास्त. हे किती झालं? आपल्या फायटरच्या १४.१ वर +१ शस्त्र साधारण २.५ वाढवतं, +२ शस्त्र ५.१. फ्लेम टंग ही आगीची तलवार लागलेल्या प्रत्येक वाराला २डी६ देते, म्हणजे ९.८ ची भर. +२ शस्त्र आणि फ्लेम टंग दोन्हींवर रेअर (दुर्मीळ) असाच शिक्का आहे, पण एक जवळजवळ दुप्पट देते. फ्लेम टंगला अट्यूनमेंट लागते (तिच्याशी आधी नातं जोडावं लागतं) आणि आगीला न जुमानणारे शत्रू पुष्कळ आहेत, हे खरं. तरी रेअर आहे म्हणून दोन्ही सारख्या, असं समजून वाटू नका. आपल्या कुऱ्हाडीची भर ६.३ येते, +२ च्याही वर. पाचव्या लेव्हलच्या गटाला पहिली भेट म्हणून हे जड आहे.

म्हणून एक शब्द बदला: ‘प्रत्येक वाराला’च्या जागी ‘पाळीत एकदा’. दोनांपैकी एक तरी वार लागायची संधी सुमारे ८८ टक्के, भर चाराच्या आसपास येते. शिवाय आता ती दोन वारांच्या फायटरला आणि एका वाराच्या क्लेरिकला (पुजाऱ्याला) फार वेगळी पडत नाही. वर किंमतही ठेवा. कडी वाजली की आवाज ३०० फुटांपर्यंत जातो. रात्री गुपचूप वाड्यात शिरायचं असेल तर कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळावी लागेल आणि बाहेर काढायला एक अ‍ॅक्शन जाईल. अशी अट खेळाडूला खुपत नाही, उलट तो तिच्याभोवती बेत आखतो.

फासे वाढवायचे की सरळ आकडा, हाही प्रश्न आहे. क्रिटला फासे दुप्पट होतात, आकडा होत नाही. कुऱ्हाडीचा १डी८, वर स्माइटचे ३डी८, वर बूमिंग ब्लेडचा १डी८ एकाच वारावर बसले आणि वीस पडला की डीएमने महिनाभर जपलेला खलनायक पहिल्याच फेरीत जमिनीवर येतो. वेगवेगळ्या नावांचे परिणाम एकमेकांवर चढतात, नियम त्यांना अडवत नाहीत. गटात स्माइटवाला असेल तर त्याच्या शस्त्राला १डी८ ऐवजी सरळ +४ द्या. सरासरी जवळपास तीच, उसळी कमी.

वाढीची जादू लहान शस्त्राला फावते की मोठ्या, हे तिच्या घडणीवर ठरतं. दर वाराला ठरावीक फासा जोडणारी जादू जास्त वार करणाऱ्याला फावते. २०२४ च्या वेपन मास्टरीत सिकलला, म्हणजे आपल्या विळ्याला, निक मिळालं आहे: दोन लाइट शस्त्रांतला जादा वार अटॅक अ‍ॅक्शनमध्येच होतो, बोनस अ‍ॅक्शन मोकळी राहते. एका हातात हातकुऱ्हाड, दुसऱ्यात विळा घेतलेल्या पाचव्या लेव्हलच्या रेंजरचे तीन वार होतात आणि हंटर्स मार्क या मंत्राचा १डी६ तिन्हींना लागू शकतो. १डी४ चा विळा अचानक कामाचा झाला.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीत याच्या उलट आहे. तिथे स्ट्रायकिंग रून, म्हणजे शस्त्रावर कोरलेली जादूची खूण, शस्त्राचे फासे दोन करतो. विळ्याला अडीचाची भर पडते, १डी१२ च्या ग्रेटअ‍ॅक्सला साडेसहाची. पहिल्याच लेव्हलला मॅजिक वेपन हा मंत्र एक मिनिटासाठी हेच देतो, वर नेमाला +१. तिथे एसीच्या दहा वर गेलं की क्रिट असल्यामुळे तो +१ लागण्यात आणि क्रिटमध्ये असा दोनदा कामी येतो. पहिल्या लेव्हलला तो फारच जोरदार मंत्र आहे. तरी खेळ मोडत नाही: पाळीतल्या तीनपैकी दोन अ‍ॅक्शन जातात, मंत्र सहसा फायटरच्या शस्त्रावर टाकला जातो म्हणून मान त्याच्याकडेच राहतो, आणि साधारण चौथ्या लेव्हलला खरा रून मिळाला की मंत्र निरुपयोगी होतो, कारण तो जादू नसलेल्या शस्त्रावरच चालतो. जोर आहे पण त्याला मुदत आहे. घरचा मंत्र लिहिणाऱ्याने ही रचना जरूर उचलावी. त्याच खेळातला मेगस, म्हणजे तलवारबाज जादूगार, वार आणि मंत्र एकत्र करणाऱ्या स्पेलस्ट्राइकला दोन अ‍ॅक्शन देतो आणि पुन्हा तयार व्हायला सहसा आणखी एक. वार चुकला तर मंत्रही गेला.

हातात आधीच दिलेलं शस्त्र जड झालं असेल तर चोर पाठवून ते पळवू नका. सगळ्या शत्रूंचा एसीही वाढवू नका. शस्त्रवाल्याला त्याने फारसा फरक पडत नाही, बाकीच्यांचे वार मात्र रिकामे जातात. डाव सुरू व्हायच्या आधी त्या खेळाडूशी उघड बोला: ‘प्रत्येक वाराला’चं ‘पाळीत एकदा’ करू या आणि बदल्यात कुऱ्हाडीला काहीतरी नुकसानाबाहेरचं देऊ, दाराची कडी फोडणं किंवा दिवसातून एकदा शेजाऱ्यावरचा वार रिअ‍ॅक्शनने अडवणं. बहुतेक खेळाडू खुशीने मानतात.

नवीन शस्त्र द्यायच्या आधी घरी तीन फेऱ्यांची खोटी लढाई करा. समोर एसी १५ चा एक शत्रू, एकदा नेहमीच्या शस्त्राने आणि एकदा नव्याने, प्रत्येक वीस वेळा. नुकसानासोबत आणखी एक रकाना ठेवा: त्या फेरीत त्या खेळाडूने मारण्याखेरीज दुसरं काही करायचा विचार केला का. पळणं, ढकलणं, मंत्र, सोबत्याला उठवणं. नव्या शस्त्राने तो रकाना पूर्ण रिकामा राहिला, तर आकडे कितीही सभ्य दिसोत, शस्त्र परत कागदावर घ्या.